पॅकेजांचा सांभाळ : लिनक्स वितरणांच्या कारभाराचा आढावा

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या लिनक्स वितरणाची १३ क्रमांकाची आवृत्ती, ट्रिक्सी, प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या भांडारात ६९,८३० पॅकेजे होती. त्यांपैकी चौदा हजारांवर पॅकेजे आधीच्या आवृत्तीत नव्हती, आणि आठ हजारांवर जुनी पॅकेजे कालबाह्य ठरून वगळली गेली होती. एक आज्ञा द्यावी आणि हव्या त्या प्रोग्रॅमने, त्याला लागणाऱ्या साऱ्या लवाजम्यासह, क्षणार्धात आपल्या यंत्रात येऊन बसावे, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कोणाचा कारभार आहे, तो कोणत्या नियमांनी चालतो आणि तो चुकला तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. त्या कारभाराचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. आणि तो घेण्यापूर्वी माझे मत आरंभीच नमूद करणे उचित होईल. नव्या आवृत्त्या वापरणाऱ्याच्या हाती लवकर पडाव्यात की पुरत्या पारखून उशिरा पडाव्यात, याविषयीचा जो वाद लिनक्सच्या जगात गेली अनेक वर्षे चालू आहे, तो मला दुय्यम वाटतो. मुख्य प्रश्न असा की प्रत्येक पॅकेजासाठी उत्तरदायी असे कोणी माणूस आहे की नाही, आणि असल्यास ते उत्तरदायित्व पेलण्याइतका वेळ, अधिकार व साहाय्य त्याला लाभते की नाही.

प्रारंभी अशी व्यवस्था नव्हती. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला तो केवळ प्रणालीचा गाभा होता. त्याच्याभोवती कंपायलर, संपादक, आज्ञावाचक इत्यादी साधने जुळवून संपूर्ण प्रणाली बांधून देण्याचे काम एसएलएस नावाच्या वितरणाने १९९२ मध्ये अंगावर घेतले, परंतु त्यात दोष फार राहिले. ते दोष निस्तरता निस्तरता पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी १९९३ मध्ये स्लॅकवेअर उभारले, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. मर्डॉक यांच्या योजनेचे वैशिष्ट्य असे की संपूर्ण वितरण एकाच व्यक्तीच्या शिरावर न ठेवता, त्याचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भाग त्याची जाण असणाऱ्या माणसाच्या स्वाधीन करावा, आणि हे सारे भाग एकमेकांशी जुळावेत म्हणून सर्वांवर समान नियमांचे बंधन असावे. १९९७ मध्ये या मंडळींनी आपली सनद सिद्ध केली. प्रणाली मुक्त राहील, तिच्यातील दोष जनतेपासून लपविले जाणार नाहीत, आणि वापरणाऱ्यांचे हित अग्रक्रमाने पाहिले जाईल, अशी हमी तीत आहे. डीपीकेजी हे डेबियनचे आणि १९९५ चे आरपीएम हे रेड हॅटचे, अशी पॅकेजे बसविण्याची साधने याच सुमारास घडली. परंतु एका पॅकेजाला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे, ही साखळी वापरणाऱ्याने स्वतः शोधीत बसण्याचा त्रास खऱ्या अर्थाने संपला तो १९९९ मधील एपीटीच्या आगमनाने.

मेंटेनर म्हणून ज्याला संबोधितात त्याचे काम जवळून पाहिल्याखेरीज पुढील विवेचनाचे मर्म कळणार नाही. डेबियनच्या प्रत्येक मूळ पॅकेजात 'डेबियन' याच नावाचे एक दप्तर असते. त्यातील 'कंट्रोल' या फाइलीत पॅकेजाचे नाव, वर्णन, ते कोणाच्या जिम्म्यावर आहे आणि त्याला काय काय लागते याचा तपशील. 'रूल्स'मध्ये ते बांधण्याची रीत. 'कॉपीराइट'मध्ये कोणत्या फाइलीवर कोणाचा हक्क व कोणता परवाना याची नोंद. 'पॅचेस'मध्ये मूळ लेखकाच्या मजकुरात या वितरणाने केलेले फेरफार, प्रत्येक स्वतंत्र व सकारण. आणि 'चेंजलॉग'मध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची अखंड रोजकीर्द. मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली की 'वॉच' या फाइलीच्या आधारे ती हुडकली जाते. मग तिची सही पडताळायची, जुने फेरफार तीवर अद्याप बसतात की मूळ लेखकाने ते आधीच स्वीकारले आहेत हे एकेक करून पाहायचे, नव्याने आलेल्या फाइलींचे परवाने वाचायचे, निर्मळ वातावरणात पॅकेज बांधायचे, लिंटियन नावाच्या तपासनिसाने काढलेल्या त्रुटी निवारायच्या, चाचण्या चालवायच्या, आणि हे झाल्यावर चेंजलॉगमध्ये नोंद करून, स्वतःच्या किल्लीने सही ठोकून ते भांडाराकडे रवाना करायचे. सुदैवाने सर्व सुरळीत असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. आणि मूळ लेखकाने बांधणीची रीतच बदलून ठेवली असेल तर त्यात आठवडे जातात.

भांडारात गेलेले पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' या विभागात राहते. तेथे त्याच्यात गंभीर दोष आढळला नाही, आणि त्याच्यावर विसंबलेली दुसरी पॅकेजे त्याच्यामुळे मोडली नाहीत, तर निकडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवसांच्या मुदतीनंतर ते 'टेस्टिंग'मध्ये आपोआप दाखल होते. सुमारे दोन वर्षांनी या टेस्टिंगची आवक रोखली जाते, महिनोन्महिने केवळ दोषनिवारण चालते, आणि त्यातून 'स्टेबल' जन्मास येते. या शिरस्त्याला पूर्वी तारखेचा धाक नव्हता. जुलै २००२ मधील वूडी या आवृत्तीनंतर सार्ज ही पुढची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला, आणि त्या प्रतीक्षेच्या काळातच, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारे उबुंटू उभे राहिले.

एक पॅकेज अद्ययावत करणे आणि संपूर्ण वितरण अद्ययावत करणे यांत जे अंतर आहे, ते सामायिक लायब्रऱ्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. शेकडो प्रोग्रॅम ज्या लायब्ररीवर उभे आहेत तिचा बाह्य आकार बदलला, तर त्या सर्वांची फेरबांधणी एकाच मसलतीने करावी लागते. मधल्या काळात अर्धी पॅकेजे जुन्या लायब्ररीशी आणि अर्धी नव्या लायब्ररीशी बांधलेली, अशी स्थिती असते. अलीकडचा मोठा दाखला २०२४ चा आहे. ३२ बिटांच्या यंत्रांवर काळ मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या मर्यादेस पोहोचते. तिच्या जागी ६४ बिटांची पद्धत आणावयाची तर वेळेचा हिशेब ठेवणारी प्रत्येक लायब्ररी व तिच्यावर विसंबलेले प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधणे प्राप्त होते. ट्रिक्सीत कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावांपुढे जे 'टी६४' हे प्रत्यय लागलेले दिसतात, ते त्याच प्रचंड खटाटोपाचे अवशेष होत. चौदा वर्षे आधी केलेल्या या कामाची वाखाणणी कोणी केली नाही, याचे मला वैषम्य वाटते. कारण दूरदृष्टीचे इतके स्पष्ट उदाहरण या व्यवसायात क्वचित सापडते.

स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावरचे काम निराळे आहे. तेथे नवे काही आणावयाचे नसते. सुरक्षेची दुरुस्ती मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्तीतून वेचून काढून जुन्या आवृत्तीवर बसवायची असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर आवृत्तीने मात्र आपली १.०.१ई तशीच ठेवून तेवढी दुरुस्ती तीत घातली आणि क्रमांकाच्या शेपटीत 'डेब७यू५' असे लिहिले. ज्याला ही वहिवाट ठाऊक नाही असा तपासनीस १.०.१ई हा आकडा पाहून यंत्र असुरक्षित ठरवितो, आणि कार्यालयातील व्यवस्थापकाला चेंजलॉग पुढे ठेवून त्याचे शंकानिरसन करावे लागते. ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. ज्याने आपले काम एका ठरावीक वर्तनाच्या भरवशावर उभारले आहे, त्याला दोषमुक्तीच्या मोबदल्यात ते वर्तन गमवावे लागू नये, एवढाच तिचा आशय आहे. परंतु तिची किंमतही आहे. मूळ लेखकाकडे वर्षानुवर्षे जुन्या आवृत्तीच्या तक्रारी येत राहतात. एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने तर आपल्या प्रोग्रॅममध्ये, ही आवृत्ती फार जुनी झाली असल्याची सूचनाच घालून ठेवली होती, आणि त्यावरून २०१६ मध्ये डेबियनमध्ये कडाक्याचा वाद झाला. फायरफॉक्ससारख्या अवाढव्य प्रोग्रॅमच्या बाबतीत तर दुरुस्त्या मागे नेणे माणसांच्या आवाक्यातलेच राहिले नाही, म्हणून तेथे दीर्घ मुदतीच्या नव्या आवृत्तीस स्थिर भांडारातही प्रवेश द्यावा लागतो.

मूळ मजकुरात फेरफार करण्याचा मेंटेनरचा अधिकार केवढा जोखमीचा आहे, हे १३ मे २००८ रोजी जगाला कळले. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजातून दोन ओळी काढल्या गेल्या होत्या, कारण व्हॅलग्राइंड हे स्मृतिदोष शोधणारे साधन त्या ओळींमुळे इशारे देत होते. काढण्यापूर्वी मूळ प्रकल्पाकडे विचारणाही झाली होती, आणि तेथून हरकत आली नव्हती. परंतु त्यांतील एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात खरी अनिश्चितता मिसळणारी होती. ती गेल्यावर किल्ली घडविताना उरली ती केवळ प्रक्रियेच्या क्रमांकाची अनिश्चितता, म्हणजे एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. जवळजवळ दोन वर्षे डेबियन आणि उबुंटू यांवर घडलेल्या किल्ल्या अशा रीतीने आधीच मोजून ठेवता येण्याजोग्या होत्या. लुसियानो बेल्लो यांनी हा दोष शोधला. मग दुर्बल किल्ल्यांच्या याद्याच पॅकेज करून वाटाव्या लागल्या, आणि जगभरच्या व्यवस्थापकांना किल्ल्या नव्याने घडवाव्या लागल्या. या घटनेवरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की मेंटेनरने मूळ मजकुरास हातच लावू नये. मला तो पटत नाही. फेरफार झाला म्हणून अनर्थ झाला असे नव्हे. तो झाल्यावर दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी तो वाचला नाही म्हणून झाला. मूळ प्रकल्प आणि वितरण या दोघांनाही दुसरा पाहील असे वाटत राहिले, आणि उत्तरदायित्व त्या दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिले.

इतर वितरणांचे मार्ग थोडक्यात पाहू. २००२ पासूनचे आर्च आवृत्त्यांच्या टप्प्यांना फाटा देऊन नवी पॅकेजे अखंड देत राहते, आणि त्याबदल्यात वापरणाऱ्याकडून अशी अपेक्षा करते की अद्ययावत करायचे तर संपूर्ण यंत्र एकदम करावे, निवडक भाग नव्हे. जेंटू मुख्यत्वे मूळ मजकूर देऊन बांधणी वापरणाऱ्याच्याच यंत्रावर करविते. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. तिच्यातूनच पुढे रेड हॅटची व्यावसायिक आवृत्ती घडते, जिला सुमारे दहा वर्षे आधार मिळतो. त्या व्यावसायिक आवृत्तीची मोफत प्रतिकृती म्हणून ज्या सेंटओएसवर असंख्य संस्था विसंबल्या होत्या, त्याच्या आठव्या आवृत्तीचा आधार २०२१ अखेर संपेल, अशी घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली, आणि अनेकांच्या नियोजनाचा पायाच निसटला. रॉकी आणि अल्मा ही वितरणे त्यातून उभी राहिली. मुदतीची हमी देणारा कोण आहे आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे दस्तऐवज नीट वाचून ठरविण्याची सवय त्या प्रसंगाने काही जणांना तरी लागली असावी.

तात्त्विकदृष्ट्या सर्वांत मूलगामी विचार एल्को डोल्स्ट्रा यांचा आहे. उट्रेख्ट येथील त्यांच्या २००६ च्या प्रबंधात ज्या निक्स पद्धतीचे विवेचन आहे, तीत प्रत्येक पॅकेज त्याच्या घडणीच्या सर्व घटकांवरून काढलेल्या सांकेतिक नावाच्या स्वतंत्र जागी राहते; त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतात, आणि बिघडलेले यंत्र एका आज्ञेने पूर्वस्थितीत नेता येते. हे बुद्धीला फार समाधान देणारे आहे. तथापि यंत्र पूर्वस्थितीत नेता येणे आणि त्या पूर्वस्थितीत कोणता सुरक्षादोष होता हे कोणी लक्ष ठेवून पाहत असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी पुन्हा माणूसच लागतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धतींत प्रोग्रॅमचा लेखक आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या स्वतःच गाठोड्यात बांधून देतो आणि मधल्या मेंटेनरला रजा देतो. नवेपणा त्यामुळे लाभतो. परंतु सामायिक लायब्ररीतील एक दोष भांडारात एकदा दुरुस्त झाला की सर्व प्रोग्रॅम सुरक्षित होतात, हा जो वितरणांचा सर्वांत मोठा उपकार, तो तितक्या प्रमाणात ओसरतो, कारण आता तीच दुरुस्ती प्रत्येक गाठोड्याच्या धन्याने स्वतंत्रपणे करायची असते. गो, रस्ट आणि जावास्क्रिप्ट या भाषांच्या जगात हीच प्रवृत्ती अधिक बळावली आहे. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचे काही ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, तेव्हा जगभरच्या बांधण्या एकाएकी अडल्या. मधला जामीनदार काढून टाकल्याचा तो परिणाम होता.

आता त्या घटनेकडे वळले पाहिजे, जिने या साऱ्या प्रश्नाला गंभीर वळण दिले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या अभियंत्याने जाहीर केले की, एक्सझेड या संपीडनाच्या पॅकेजाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आहे. दूरस्थ प्रवेशासाठी वापरले जाणारे एसएसएच हे मूळ रूपात एक्सझेडच्या लायब्ररीला स्पर्शही करीत नाही. परंतु काही वितरणांनी ते सिस्टिमडी या सेवा चालविणाऱ्या व्यवस्थेशी जोडण्यासाठी त्यात फेरफार केला होता, आणि सिस्टिमडीच्या मार्गे ती लायब्ररी एसएसएचच्या पोटात शिरत होती. एक्सझेडचा मूळ लेखक एकटा व थकलेला होता. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणी चांगली मदत करीत आले, दुसऱ्या अनोळखी नावांनी त्या लेखकावर काम सोपविण्यासाठी दडपण आणले, आणि अखेरीस जिया टॅनच्या हाती सहमेंटेनरचा अधिकार आला. चोरवाटेचा मजकूर चाचणीच्या फाइलींत दडविला होता, आणि तो जागा करणारी आज्ञा सार्वजनिक इतिहासात नव्हे, केवळ प्रकाशनाच्या गाठोड्यात होती. सर्वांत विचार करण्याजोगी बाब ही की चोरवाट पेरण्यापूर्वी हेही पाहिले जात असे की बांधणी डेबियनची किंवा आरपीएमची आहे काय; म्हणजे हल्ला लेखकावर वा वापरणाऱ्यावर नव्हता, तो मधल्या कारभारावर होता. नवी आवृत्ती सत्वर घ्या, अशी विनंतीही एका अपरिचित नावाने डेबियनकडे आली होती.

फ्रॉइंड यांना संशय आला तो एसएसएचचा प्रवेश सुमारे अर्धा सेकंद अधिक वेळ घेऊ लागला म्हणून. आणि आधीच्या काही आठवड्यांत व्हॅलग्राइंडने दिलेले काही चमत्कारिक इशारेही त्यांच्या स्मरणात होते. २००६ मध्ये ज्या साधनाचा इशारा शमविण्यासाठी ओळी काढल्या गेल्या, त्याच साधनाच्या इशाऱ्याने २०२४ मध्ये एका सावध माणसाचा संशय बळावला. चोरवाट अनस्टेबल, टेस्टिंग आणि फेडोराच्या प्रकाशनपूर्व आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती. डेबियन स्टेबलपर्यंत पोहोचली नाही. स्थिर आवृत्तीच्या पुरस्कर्त्यांनी यात आपला विजय पाहिला. पण संथपणाने केवळ अवधी मिळतो; त्या अवधीत पाहणारा कोणी असावा लागतो, आणि या प्रसंगी तो पाहणारा मेंटेनर नव्हता, तर स्वतःच्या भिन्न कामात गुंतलेला एक वापरणारा होता.

यावर उपाय म्हणून जे चालले आहे त्यात पुनरुत्पादनीय बांधणीचा प्रयत्न मला अत्यंत मोलाचा वाटतो. कंपायलरमध्येच कपट दडविता येते, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवून दिले होते. डेबियनमध्ये २०१३ पासून असा यत्न होत आहे की एकाच मूळ मजकुरापासून कोणीही, कोठेही बांधलेले पॅकेज बिट न बिट सारखे निघावे, म्हणजे बांधणाऱ्या यंत्रावर अंधविश्वास ठेवण्याची गरज राहू नये. याने एक्सझेडची चोरवाट पकडली नसती, कारण ती मूळ गाठोड्यातच होती. म्हणूनच आता ते गाठोडे आणि सार्वजनिक इतिहास यांची तुलना करण्यावर अनेक मेंटेनर भर देऊ लागले आहेत.

मराठी वाचकाचा या कारभाराशी संबंध केवळ वापरापुरता नाही. लिनक्सवर देवनागरी वाचण्यासाठी ज्या लोहित टंकांवर बरीच वितरणे विसंबून राहिली, त्यांची जोपासना पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी केली. २०११ मध्ये त्यांना खुला टंकपरवाना मिळाल्यावर ते भांडारांत सामावणे आणखी सुकर झाले. डेबियनमध्ये लोहितचे मराठीसाठी स्वतंत्र पॅकेज आहे, आणि शब्दतपासणीसाठी अ‍ॅस्पेलचा मराठी कोशही आहे. अशा पॅकेजांचा मेंटेनर पुष्कळदा मराठी न जाणणारा असतो. नव्या आवृत्तीत 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, किंवा मराठी वळणाच्या 'ल' व 'श' यांच्या जागी हिंदी वळणाची अक्षरे आली, तर लिंटियनला ते दिसणार नाही आणि कोणतीही स्वयंचलित चाचणी अडणार नाही. ते पाहणारे डोळे मराठीच असावे लागतात. २०२३ मध्ये डेबियनचे वार्षिक संमेलन प्रथमच भारतात, कोची येथे भरले. या देशातून मेंटेनर घडत आहेत, परंतु मराठी लिपीच्या पॅकेजांकडे नियमाने पाहणाऱ्यांची वाण अजून आहे, आणि ती भरून काढणे पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांना मुळीच अवघड नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मूलभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांना पाच वर्षांपर्यंत आधार देणारी योजना २०१४ पासून चालू आहे, आणि तीत काम करणाऱ्यांना संस्थांच्या वर्गणीतून मोबदला मिळतो. युरोपीय संघाचा जो सायबर लवचिकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि ज्याची मुख्य कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत, त्याने विकल्या जाणाऱ्या डिजिटल उत्पादनातील सुरक्षेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि मुक्त प्रकल्पांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांसाठी हलक्या बंधनांचा वेगळा वर्ग ठेवला आहे. आपल्या उत्पादनात कोणती पॅकेजे आहेत व ती कोण सांभाळतो, हे जाणून घेणे उत्पादकांना आता भाग पडेल. ही चौकशी करणे खाजगी वापरणाऱ्यालाही अशक्य नाही. डेबियनमध्ये 'हाउ-कॅन-आय-हेल्प' नावाचे एक लहानसे पॅकेज आहे. ते बसविले की एपीटीच्या प्रत्येक कामानंतर ते यादी दाखविते, आणि आपल्याच यंत्रावर बसलेल्या पॅकेजांपैकी कोणती निराधार झाली आहेत, कोणत्यांचा मेंटेनर साहाय्य मागत आहे आणि कोणते दोष नवख्यालाही दुरुस्त करता येतील, याचा तपशील तीत पॅकेजाच्या नावानिशी मिळतो.